सव्वीस नंबरचा काळा

खोर सेंग चूनच्या नजरेतून काही सुटत नाही, असं बायान लेपास ह्या कारखान्यांच्या भागातल्या त्या कंपनीत सगळे मानत, आणि तो स्वतः तर सगळ्यांच्या आधी मानत असे. त्याचं कामच ते होतं. नखाएवढ्या चिपवर छापलेल्या अक्षरांचा फोटो काढायचा, आणि एखादं अक्षर तुटकं किंवा पुसट निघालं तर ती चिप बाजूला फेकायची, अशी यंत्रं ही कंपनी बनवायची. बघायचं यंत्राने, पण काय बघायचं हे यंत्राला शिकवायचा सेंग चून. अकरा वर्षं तो हेच करत होता. बायकोने केस कापून घेतले तर मात्र त्याला चार दिवसांनी कळे, तेही तिने सांगितल्यावर.

त्याच्या हाताखाली झुलहेल्मी नावाचा तंत्रज्ञ होता. सगळ्यांचा हेल्मी. वय तेवीस, कामाला चोख, बोलायला कमी. दोन वर्षं तो सेंग चूनच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मग एका गुरुवारी संध्याकाळी, बालिक पुलाऊला घरी जाताना, डोंगरातल्या वळणावर त्याची मोटरसायकल लॉरीखाली गेली. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आधी त्याला मातीही दिली. कंपनीतून दोन गाड्या भरून माणसं गेली आणि तीन वाजता परत कामाला लागली, कारण सोमवारी माल जायचा होता. ह्या असल्या गोष्टी लोक कसे करू शकतात असं कुणी विचारू नये. करतात.

सोमवारी सकाळी हेल्मीची आई आली. साओदा तिचं नाव. शेजाऱ्याच्या गाडीतून आली होती आणि कॅन्टीनमधल्या सगळ्यात कडेच्या बाकावर, कुणाला अडचण होऊ नये अशी बसली होती. सेंग चूनने हेल्मीचं सामान एका खोक्यात भरून आणलं. चपला, नमाजाची टोपी, डबा, बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा संच.

"हा संच कंपनीचा असेल ना, एन्चिक?" तिने साहेब म्हणावं तशा अदबीने विचारलं.

"नाही, माकचिक." तिच्या वयाच्या बाईला तो मावशी ह्या अर्थाने असंच म्हणे. "त्याचाच." संच कंपनीचा होता.

तिने खोकं मांडीवर घेतलं, पण उठली नाही. सेंग चूनला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. त्याला सुचलं ते एवढंच, की चहा घेणार का. ती नको म्हणाली. मग म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. इथे त्याचा एखादा फोटो असेल का?"

"फोटो?"

"तो सांगायचा, तुम्ही दिवसभर फोटोच काढता म्हणून."

"ते चिपचे, माकचिक."

"ते कळतं हो मला. पण चुकून एखादा? घरी आहे तो बारा वर्षांचा असतानाचा, शाळेतला. त्यानंतर कॅमेरा दिसला की हा पळालाच. दर ईदला सगळं घर ओळीने उभं, आणि हा कोंबड्यांच्या खुराड्यामागे. ओळखपत्रावर होता एक, तर ते कार्ड नोंदणी कचेरीत जमा करायला लावलं. मी म्हटलं, कार्ड ठेवा तुम्ही, फोटो तेवढा कापून द्या मला. ती पोरगी म्हणाली, तसं चालत नाही."

ती हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगत होती. मग तिचा आवाज खाली गेला.

"चारच दिवस झालेत, एन्चिक. पण डोळे मिटले की बारा वर्षांचाच येतो समोर. अर्ध्या चड्डीतला. मोठा झालेला येतच नाही. त्या दिवशी चेहरा बघू दिला नाही मला, झाकलेला होता. मी काय विसरले का त्याला?"

सेंग चून रडणाऱ्या माणसांना घाबरायचा, आणि ही बाई रडतही नव्हती, ते जास्त वाईट होतं. त्याच क्षणी त्याला आठवलं. गेल्या बुधवारचा नवा कॅमेरा! तो ताडकन म्हणाला, "आहे, माकचिक. एक फोटो आहे. परवा सातव्या दिवसाच्या दुवेला मी येणारच आहे, तेव्हा घेऊन येतो."

तिने त्याचा हात धरला नाही, कारण तशी रीत नव्हती. पण स्वतःचा हात छातीवर ठेवून दोनदा मान हलवली, आणि खोकं घेऊन गेली.

फोटो होता हे खरं होतं. नवा कॅमेरा आला की आधी तो चिपवर लावत नसत. समोर स्टूल ठेवायचं, हाताला लागेल त्याला त्यावर बसवायचं, आणि भिंग फिरवत चित्र कितपत रेखीव येतं ते बघायचं. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे चेहरे त्या डिस्कवर येऊन गेले होते. हेल्मी तेवढा कधी सापडायचा नाही, तो नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. गेल्या बुधवारी मात्र वासुगीने त्याला पकडलं. वासुगी म्हणजे त्यांच्यातली तिसरी, प्रोग्राम लिहायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. तिने मागून त्याचे खांदे धरून त्याला स्टुलावर दाबला आणि सेंग चूनला को, म्हणजे दादा, म्हणत ओरडली, "चून को, मार बटण! पळतोय हा!" सेंग चूनने बटण मारलं. त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होती. चित्र किती रेखीव आहे ते तो आकडा सांगायचा. आकडा चांगला आला. हेल्मी उठून पळाला.

ही सगळी चित्रं दर शुक्रवारी पुसत, कारण डिस्क लहान आणि चित्रं जड. पुसायचं काम हेल्मीचं होतं. त्या शुक्रवारी ते कुणीच केलं नाही, म्हणून ते एक चित्र राहिलं होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सेंग चून चाचणीच्या यंत्राशी बसला. सगळे खाली गेले होते. वासुगी तेवढी कागदात बांधून आणलेला भात घेऊन त्याच्या शेजारी बसली, हेल्मीच्या खुर्चीवर नाही, दुसरी ओढून आणून.

फाइल सापडली. पण ती कच्ची होती. कच्ची फाइल म्हणजे नुसते आकडे, एकामागून एक, साडेचार लाख. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र. चित्र किती रुंद, किती उंच, ओळ कुठे संपते, ह्यातलं काही तिच्यात लिहिलेलं नसतं. ते उघडणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं. रुंदी चुकली की पुढची प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते आणि चित्र तिरकं होऊन फाटतं. नव्या कॅमेऱ्याची रुंदी हेल्मीने बसवली होती, आणि हेल्मीला विचारायची आता सोय नव्हती.

सेंग चूनने नेहमीची रुंदी घालून बघितली, सातशे अडुसष्ट. पडद्यावर एक पसारा उमटला. वर पांढरं, मग काळ्याचा एक पट्टा तिरका खाली ओघळलेला, त्याच्यामागे करडा.

"अय्यो," वासुगी म्हणाली, आणि तिने हातातला घास परत कागदावर ठेवला. "हा हेल्मी आहे?"

"तिरका झालाय. ओळीमागे किती सरकतोय ते मोजू दे."

तो मोजायला लागला. काळ्या पट्ट्याची कड धरून, बोटाने, दहा ओळींमागे किती, पन्नास ओळींमागे किती. हे काम त्याला आवडायचं. इतके दिवस छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, ते मोजताना सुटलं. वासुगीने बघवेना म्हणून तोंड फिरवलं. त्याला बघवत होतं, कारण तो कड बघत होता. पाऊण तासाने त्याला उत्तर मिळालं. नवा कॅमेरा प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन फुकटचे आकडे टाकत होता. सातशे सत्तर. ते दोन काढून टाकले की झालं.

"आधी कॉपी काढून ठेव," वासुगी म्हणाली.

"दहा ओळींचा प्रोग्राम आहे, वासुगी."

"म्हणून तर म्हणते, कॉपी काढ."

"अकरा वर्षं मी काय कोळंबी सोलतोय का इथे?"

तिने खांदे उडवले. त्यांच्याकडे रिवाजच तो होता. डिस्क लहान, म्हणून दुरुस्त केलेलं चित्र त्याच नावाने, त्याच जागी लिहायचं. कॉप्या काढत बसणाऱ्याला सेंग चून स्वतः हसायचा. दोन वाजता गिऱ्हाईक यायचं होतं, एक पंचावन्न झाले होते, जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. त्याने दहा ओळी लिहिल्या आणि चालवल्या.

फाइल उघडताना संगणकाला आधी सांगावं लागतं, की आत आकडे आहेत की मजकूर. काहीच सांगितलं नाही तर तो मजकूर समजून वाचतो. आणि मजकुरात, फार जुन्या काळापासून, सव्वीस ह्या आकड्याचा अर्थ ठरलेला आहे, की इथे पत्र संपलं, पुढे वाचू नका. नव्याने आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो. हेल्मीनेही पहिल्या महिन्यात केली होती, आणि सेंग चूनने त्याला सगळ्या मजल्यासमोर झापलं होतं. "चित्र आहे ते, चिठ्ठी नाही! डोळे कुठे ठेवून आलास?" हेल्मी मान खाली घालून उभा होता. नंतर दोन वर्षांत त्याने ती चूक पुन्हा केली नाही.

सेंग चूनने फाइल मजकूर म्हणून उघडली होती.

प्रोग्राम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपला. जरा जास्तच लवकर संपला, हे त्याच्या लक्षात आलं. साडेचार लाखांची फाइल आता सत्तर हजारांची होती. त्याने ती उघडली. ह्या वेळी चित्र अगदी सरळ होतं, कुठे एवढंसंही तिरकं नाही. मागची भिंत, तिच्यावरची ट्यूबलाइट, भिंतीला पडलेला तडा. मग शेवटच्या ओळीत, मधोमध, दोन-तीन ठिपके करडे होत गेलेले. पुढे काही नव्हतं. तिथून हेल्मीचे केस सुरू होणार होते. केसाच्या पहिल्याच काळ्या ठिपक्याचा आकडा सव्वीस होता, आणि संगणकाने मुकाट वाचणं थांबवलं होतं.

"वासुगी," तो म्हणाला. "वासुगी, इकडे ये."

तिने पाहिलं आणि तिला एका नजरेत सगळं कळलं. ती टोमणा मारेल असं त्याला वाटलं, मारला असता तर बरं झालं असतं. ती सरळ कीबोर्डशी बसली. पुसलेलं डिस्कवरून लगेच जात नाही, जागा फक्त मोकळी होते, दुसरं कुणी तिथे येईपर्यंत जुनं तसंच असतं. ती शोधायला लागली. पण जिन्यावरून वर आलेल्या माणसांनी आल्या आल्या गिऱ्हाइकासाठी यंत्र सुरू केलं होतं, आणि ते सेकंदाला चार चित्रं त्याच डिस्कवर टाकत होतं. "बंद करा!" ती किंचाळली. बंद केलं. तोवर पाच मिनिटं झाली होती. हेल्मी जिथे होता त्या प्रत्येक जागेवर आता चिपा होत्या, एकीमागून एक, सगळ्या स्वच्छ आणि ठळक अक्षरांच्या.

"हेल्मीच्या आईला खरं सांग," संध्याकाळी पार्किंगमध्ये वासुगी म्हणाली.

"काय खरं सांगू? की तुमच्या मुलाच्या केसांचा आकडा सव्वीस होता?"

"हातून पुसलं गेलं म्हण. बास. येऊ का मी बरोबर?"

"नको." तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. "ह्याच चुकीवरून मी त्याला झापलं होतं गं. सगळ्यांसमोर."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी होते तिथे."

बुधवारी दुपारी तो बालिक पुलाऊला गेला. त्या वळणावर त्याने गाडी हळू केली आणि रस्त्यावर काही दिसतं का पाहिलं. काही दिसलं नाही. घरी दुवा झाली, ताटं झाली, शेजारपाजारचे पाहुणे हळूहळू पांगले. सेंग चून टोपीवाल्यांच्या घोळक्यात उघड्या डोक्याने बसून राहिला होता, आणि कुणीतरी दर पाच मिनिटांनी त्याच्या पुढ्यात आणखी भात वाढत होतं. शेवटी साओदा ओसरीवर येऊन त्याच्या समोर चटईवर बसली. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली, फोटो काढून घ्यायला बसावं तशी.

त्याने लिफाफा दिला. तिने आतला कागद काढला आणि उलटसुलट करून बघितला.

"हे काय आहे, एन्चिक?"

"ही वरची बाजू. भिंत. तो याच्या खाली बसला होता. खालचं पुसलं गेलं, माकचिक. माझ्या हातून. मी घाई केली. दुसरा फोटो नाही. मला माफ करा."

ती रागावली नाही. रागावायला तरी हवं होतं, असं त्याला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. तिने कागद चटईवर ठेवला, आणि त्याच्या खालच्या कडेच्याही खाली, नुसत्या चटईवर बोट टेकवलं.

"इथे?"

"हो. तिथेच."

"पण तुम्ही बघितला होतात ना? पुसण्याआधी?"

"बघितला होता."

"मग सांगा," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. "कसा दिसत होता? हसत होता का?"

सेंग चूनने आठवायला सुरुवात केली. तासभर ते चित्र त्याच्या समोर होतं. तिरकं असेना, फाटलेलं असेना, त्यात चेहरा होता. त्याला दहा ओळींमागे वीस आठवत होतं, पन्नास ओळींमागे शंभर. काळ्याची कड आठवत होती. तोंडापाशी काय होतं ते आठवत नव्हतं, कारण तिथे त्याने पाहिलंच नव्हतं. बटण मारतानाही नाही. मग तो त्या दोन वर्षांत शोधायला लागला, शेजारच्या खुर्चीवर, आणि तिथेही त्याला एक वाकलेली मान आणि स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात तेवढा सापडला. चेहरा नव्हता. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. समोर बाई डोळे मिटून बसली होती.

"हो, माकचिक," तो म्हणाला. "हसत होता."

"तोंड उघडून? की नुसताच?"

"उघडून. दात दिसत होते. खळखळून हसत होता."

साओदाने डोळे उघडले. ती त्याच्याकडे अशी बघायला लागली, की त्याला वाटलं, पकडलं हिने.

"अहो!" तिने आत हाक मारली. "अहो, जरा बाहेर या!" हेल्मीचे वडील, बिदिन, हात पुसत बाहेर आले. ती त्यांना जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "ऐकलंत का? तिथे दात दाखवून हसायचा तो! ह्या लोकांमध्ये!" मग सेंग चूनकडे वळली. "तेराव्या वर्षी झाडावरून पडला, एन्चिक, तेव्हा समोरचा दात तुटला. अर्धाच राहिला. मुलं चिडवायची. त्या दिवसापासून ओठ मिटून हसायचा, नाहीतर तोंडावर हात. माझ्यासमोरसुद्धा. दहा वर्षं मी त्याचे दात बघितले नाहीत." आणि आता ती रडायला लागली, पण चेहरा उजळला होता. "म्हणजे तिथे सुखात होता तो. तुम्हाला सांगते, मला हीच काळजी होती. कधी काही बोलायचाच नाही. सांगा ना, यांनाही सांगा. पुन्हा सांगा."

अक्षराचा केसाएवढा टवका उडाला तर ती चिप फेकून देणारा सेंग चून दोन वर्षं त्या अर्ध्या दाताशेजारी बसला होता. त्याला वाटलं, आता उठावं आणि जे आहे ते सांगून टाकावं. पण बिदिन त्याच्या समोर येऊन बसले होते. थकलेला, कमी बोलणारा माणूस, आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत होता.

म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. ह्या वेळी चेहरा जास्त नीट आला. मान थोडी मागे टाकलेली, केस कपाळावर, डोळे हसून बारीक झालेले, आणि तो अर्धा दात, हो, तोही दिसत होता. सांगताना त्याला स्वतःला ते दिसायला लागलं. साओदा पुन्हा डोळे मिटून ऐकत होती आणि मान हलवत होती. "आला," ती हळूच म्हणाली. "मोठा झालेला आला."

बिदिननी घसा साफ केला. तेवढ्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले. "अंगात काय होतं त्याच्या?"

"शर्ट होता," सेंग चून म्हणाला. "निळा."

कॅमेरा काळा-पांढरा होता. त्यात निळं काही येत नाही.

"निळाच," साओदा म्हणाली. "ईदला मीच शिवला होता."